अनुभव धागा: तुम्हाला हाताला धरून कुणी शिकवलं?

बेळगावातल्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागले तेव्हा मी बी.कॉम. होते आणि स्वतःला बरीच हुशार समजत होते. शिक्षण सगळं मराठीतून. कन्नड शाळेत पास होण्यापुरतं आणि बाजारात भाजी घेण्यापुरतं. पहिल्याच आठवड्यात एका सभासद बाईंचा कन्नड अर्ज भरला आणि 'तंदे'पुढे तिच्या नवऱ्याचं, 'गंड'पुढे वडिलांचं नाव लिहून वरच्या ऑफिसला पाठवून दिला. अर्ज परत आला. ऑफिसभर हशा.

हसल्या नाहीत त्या एकट्या आमच्या कॅशियर काकू. संध्याकाळी रोकड जुळवून झाल्यावर त्यांनी मला थांबवलं, शंभर पानी वही काढली आणि देवनागरीत लिहायला लावलं. हेसरु म्हणजे नाव. विळास म्हणजे पत्ता. वयस्सु, वय. तंदे, वडील. गंड, नवरा. त्यापुढे कंसात काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'न्यूनगंड नव्हे!' दोन महिने रोज पंधरा मिनिटं. त्यांची शेवटची बस त्यापायी दोनदा चुकली, हे मला फार नंतर कळलं.

मेंटॉर हा शब्द काकूंनी कधी ऐकलाही नसेल. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या भागातल्या बायकांनी लिहा. फक्त 'त्यांनी मला प्रेरणा दिली' एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय शिकवलं, ते सांगा.

खानापूर तालुका, आशा कार्यकर्ती

आमचा भाग जांबोटीच्या पलीकडचा. पावसाळ्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मी नवीन लागले तेव्हा शेजारच्या गावची आशा, आम्ही तिला आक्काच म्हणतो, तिच्यामागून आठ दिवस हिंडले. ट्रेनिंगमध्ये सगळं सांगितलं होतं, गरोदर बाईला लोहाच्या 180 गोळ्या द्यायच्या, वगैरे. मी घरोघर विचारत होते, "गोळ्या घेतल्या काय?" सगळ्या म्हणायच्या, "घेतल्या की."

आक्का म्हणाली, "विचारू नको, रिकामं पाकीट मागून बघ." बघितलं, तर निम्म्या गोळ्या कणगीमागं. का, तर गोळी सुरू केली की शौचाला काळं होतं आणि घरातली म्हातारी घाबरते. आक्का गोळी देण्याआधीच सासूला बोलवून सांगायची, काळं होणार, घाबरायचं नाही, नाही झालं तर मला सांगा. म्हणजे सासूच पहारेकरी! वर, चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घे.

आणखी एक गंमत. आपल्याकडं गरोदर बाईच्या कार्डाला 'तायी कार्ड' म्हणतात. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. मराठी बायका ते 'ताई कार्ड' समजतात आणि एका घरात मोठ्या नणंदेनं ते स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं होतं, ताईचं कार्ड म्हणून! आक्कानं ते काढून घेतलं कसं, ते तिच्याच तोंडून ऐकायला पाहिजे.

निपाणी

आई घरी विड्या वळायची. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विडी यांवर किती घरं चालली ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. 1981 च्या तंबाखू आंदोलनाबद्दल बोलतात ते शेतकऱ्यांचं. वखारीत चाळणीपुढं बसून खोकणाऱ्या बायका त्या गोष्टीत कुठंतरी मागं राहतात.

माल घालायला गेलं की छाट निघायची. हजारातल्या किती विड्या बाद ते मोजणारा ठरवणार, बाद झालेल्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. शेजारच्या मावशीनं आईला दोन गोष्टी शिकवल्या. एक, घरातून निघायच्या आधी स्वतःच छाट काढायची, म्हणजे तिथं बोलता येतं. दोन, आकडा पासबुकात लिहून झाल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही, मागच्या बायका कितीही ओरडू देत. मावशीला लिहिता येत नव्हतं. आकडे मात्र ओळखायची.

विडी कामगार कल्याण निधीचा कायदा 1976 चा. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते हे आमच्या गल्लीत फक्त मावशीला माहीत होतं. ओळखपत्र करायला तिनं आईला ओढत नेलं. मी आज शिक्षिका आहे.

उद्यमबाग, बेळगाव

मी जरा उलटं लिहिणार, चालेल ना?

डिप्लोमा करून एका कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लागले. शॉपमध्ये माझ्याआधी एकच बाई. मला वाटलं, बरं झालं. त्या बाईंनी मला जॉब (घडवायचा तुकडा) मशीनला लावणं, काढणं आणि हिरवं बटण, एवढंच शिकवलं. टूलचा ऑफसेट, म्हणजे माप दुरुस्त करायचा आकडा, द्यायची वेळ आली की पाठ करून उभ्या राहायच्या, स्क्रीन दिसू नये अशी. सहा महिने. शेवटी एका म्हाताऱ्या फिटर काकांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, मायक्रोमीटर हातात देऊन: पहिला पीस मोज, मिलिमीटरचे किती शंभरावे भाग जास्त आलाय बघ, तेवढं वजा कर, दुसरा पीस काढ.

तेव्हा त्या बाईंचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्या शॉपमध्ये बाईसाठी ऑपरेटरची जागा एकच होती हे त्यांना कुणी तोंडानं सांगितलं नसलं तरी माहीत होतं. माफ केलंय असं नाही. पण 'बाईच बाईची वैरी' म्हणणाऱ्यांनी आधी खुर्च्या मोजाव्यात.

धागाकर्ती

चालेल म्हणजे काय, हवंच होतं. आमच्या काकू निवृत्तीला आल्या होत्या, माझी भीती वाटायचं त्यांना कारण नव्हतं, हे तुमचं वाचून आता डोक्यात आलं.

येळ्ळूरजवळचं एक गाव

मी ग्रामपंचायत सदस्य. कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे निवडून यायला अडचण नाही. अडचण पुढं. पहिल्या सभेला माझ्या खुर्चीशेजारी माझ्या नवऱ्यासाठी दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती!

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, 1987 च्या मंडल पंचायतीत सदस्य होत्या. तेव्हा कर्नाटकात बायकांना पंचवीस टक्के होतं, देशभर पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती व्हायच्या कितीतरी आधी. आजींकडं मी आशीर्वाद घ्यायला गेले तर त्यांनी कुंकू लावलं आणि विचारलं, "नडावळी कोण लिहितंय?" नडावळी म्हणजे सभेचं इतिवृत्त. मी म्हटलं, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब. म्हणाल्या, "कोऱ्या पानावर सही करायची नाही हे सगळेच सांगतील. मी सांगते ते ऐक. शेवटचा ठराव आणि तुझी सही यांच्यामध्ये जागा सुटलेली असते. तिथं तिरकी रेघ मार, मगच सही कर. त्या जागेत नंतर काय काय उगवतं तुला ठाऊक नाही."

पुढच्या सभेत मी पेन काढून रेघ मारली. सगळे बघतच राहिले. कुणी काही बोललं नाही, पण तिसऱ्या सभेपासून नवऱ्याची खुर्ची मांडणं बंद झालं. (नवऱ्यालाही सुटल्यासारखं झालं. त्याला त्या सभांचा कंटाळाच होता.)

शहापूर

मांडे! आमच्याकडं लग्नात मांडे लागतातच, पण करणाऱ्या हातांची संख्या कमी होत चाललीय. मला शिकवलं शेजारच्या वैनींनी. पहिला धडा, बांगड्या काढ. दुसरा, बोटं आत, पालथ्या मुठीवर घे. पुरणपोळीसारखं लाटून भागत नाही. सारण भरलेली लाटी दोन्ही मुठींवर फिरवत फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत आली की उलट्या खापरावर टाकायची. माझे पहिले वीस-पंचवीस फाटले. वैनी म्हणाल्या, "फाटूदे, घरची पोरं खातील."

मला हात बसला तशी त्यांनी एका लग्नाची ऑर्डर सरळ माझ्या नावावर घेतली आणि स्वतः माझ्या हाताखाली लाट्या करायला बसल्या. पैसे मोजून घेतले हं त्यांनी, रोजानं. मला ते फार आवडलं.

चिकोडीकडची

सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याकडं घरोघर. केसात जट आली की देवीचं बोलावणं म्हणून मुलीला देवीला सोडायचे, म्हणजे देवदासी करायचे. 1982 च्या कायद्यानं बंदी आली, पण देवीची परडी आणि जग पुजणाऱ्या घरांत कायदा शिरायला वेळ लागला. आमच्या तालुक्यातल्याच सीतव्वा जोडट्टी लहानपणी स्वतः देवदासी झालेल्या, नंतर अशाच बायकांची संघटना उभी केली, 2018 ला पद्मश्री मिळाली. ते पेपरात आलं.

पेपरात न आलेलं लिहिते. मी दहा वर्षांची असताना माझ्या केसात गुंता झाला. घरात कुजबुज सुरू. गल्लीतली एक मावशी, जिला स्वतःला सोडलेलं होतं, खोबरेल तेलाची वाटी आणि लाकडी फणी घेऊन आली. आमच्या पायरीवर मला मांडीत घेऊन बसली. टोकाकडून वर, टोकाकडून वर, दुपारभर. कात्री लावली नाही, कारण कापलं तर आजी देवीचा कोप, देवीचा कोप करून बसली असती. संध्याकाळी वेणी घालून मला आजीपुढं उभी केली आणि म्हणाली, "बघ, सुटली की जट. देवीला नको आहे ही." आजीला काही बोलता येईना.

सदाशिवनगर, बेळगाव

मला स्कूटी मोलकरीण मावशींच्या सुनेनं शिकवली, कॅम्पातल्या रस्त्यावर, पहाटे साडेपाचला. बाकी काही नाही, एवढंच.

खानापूर, नवीन अंगणवाडी सेविका

धागाकर्ती ताई, ती 'हेसरु-विळास'वाली वही अजून आहे काय? आमची रजिस्टरं सगळी कन्नड. मोबाईलवर भाषांतर करून बघितलं, आडनावाचंसुद्धा भाषांतर करून टाकलं.

धागाकर्ती

आहे. शनिवारी दुपारी खानापूरला नणंदेकडं येणार आहे, स्टँडवर भेटा. झेरॉक्स काढून तिथंच परत द्या, न्यायला मिळणार नाही. चौदाव्या पानावर चहा सांडलाय, ते शब्द मी बसल्या बसल्या सांगते. पेन घेऊन या.