जनुक ‘सुधारित’, ‘परिवर्तित’ की ‘संपादित’?

डिचोलीहून:
शेतकऱ्यांसाठी मराठी पत्रक लिहिते आहे. वर्तमानपत्रांत जनुकसुधारित, जनुकपरिवर्तित असं काहीही येतं. मे 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘पुसा डीएसटी राइस 1’ या भाताला तर जनुकसंपादितही म्हणतात. यातलं बरोबर काय? आणि जनुक म्हणजेच गुणसूत्र ना?

चोडणहून:
शेवटचं आधी. नाही. गुणसूत्र म्हणजे क्रोमोसोम. भाताच्या पेशीत त्यांच्या 12 जोड्या. जनुकं त्यांच्यावर असतात, हजारोंनी.

‘जनुकसुधारित’ मला मुळीच पटत नाही. सुधारलं की बिघडलं, हा निवाडा शब्दानेच देऊन टाकला तर वाचणाऱ्याने विचार कशाचा करायचा? शिवाय शेतीत तो शब्द आधीच रुळलेला. गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने आपल्या कोरगुट या पारंपरिक भातातूनच निवडून काढलेलं ‘गोवा धान 1’ हेही सुधारित वाणच. त्यात जनुक अभियांत्रिकी नाही. सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, पेरणीआधी मानशीजवळच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळच्या) बांधावर शेजारच्या काकांनी अशाच एका पत्रकातल्या ‘सुधारित’वर बोट ठेवलं. ‘‘हे आपल्या कोरगुटाचं, की बीटी कापसासारखं?’’ पत्रक पुन्हा वाचलं, तरी मला सांगता येईना. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं की अख्खं पीक जातं. तिथे बी कुठलं हे माणसाला कळायलाच हवं.

2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. बीटी वांगंही तसंच. ते फेब्रुवारी 2010 मध्ये थांबवलं गेलं. या दोघांना ‘जनुकपरिवर्तित’ म्हणावं. डीएसटी भातात भाताच्याच एका जनुकात काटछाट आहे, परकं जनुक उरत नाही. तिथे ‘जनुकसंपादित’ चपखल. हा फरक कायद्यातही आहे: 2022 पासून अशा वाणांना जीएम (म्हणजे जनुकपरिवर्तित) पिकांच्या बऱ्याच नियमांतून सूट मिळते. म्हणून शब्द सैल नको.

अडचण एकच. आपण विश्वास संपादन करतो, ज्ञान संपादन करतो. ‘संपादित’ म्हणजे ‘मिळवलेलं’ असंही ऐकू येईल.

डिचोलीहून:
‘सुधारित’ खोडलं. ‘जनुकसंपादित’च्या खाली ‘भाताच्याच जनुकात नेमका बदल केलेलं, परकं जनुक नसलेलं’ अशी ओळ टाकते. काकांना वाचून दाखवाल का? त्यांना अडलं तर छपाई थांबवते.