गाडी गरम होतेय, हेड गॅस्केट गेलं का?

बी-३०२: नमस्कार. रविवारी लांब गेलो तर गाडीचा काटा पुन्हा लालकडे. दर आठवड्याला अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, लागतंय. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट उडालंय, उद्या हेड उतरवू. खूप काळजी वाटतेय. कुणाला यातलं कळतं का?

सी-४०४: ताई, थांबा. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील, कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं. हेड उतरवणं म्हणजे निम्मं इंजिन खोलणं. कशावरून म्हणाला तो?

बी-३०२: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो.

ए-१०१: मग गॅस्केटच! माझ्या भावाच्या गाडीचं अगदी असंच झालेलं.

सचिव: बी-३०२ च्या पार्किंगमध्ये गुलाबी डाग आहे. कृपया पुसून घ्यावा.

बी-३०२: ते एसीचं पाणी असेल हो. शेजारी ३०१ ची गाडीपण लागते.

बी-३०१: आमचं नाव मधे कशाला? गेल्या वेळीही आमच्यावरच आलं होतं.

सी-४०४: धूर किती वेळ? डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल कसं दिसतं?

बी-३०२: दोन-तीन मिनिटं. ऑइल नेहमीसारखंच.

सी-४०४: एरवी गाडी शाळेपर्यंतच जाते ना? इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला साय होऊन चिकटते. सकाळचा धूरही वाफेचाच असू शकतो. गॅस्केट गेलं की बहुधा इंजिन तापल्यावरही धूर थांबत नाही, वास गोडसर येतो. थंड गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरचे पाइप कडक होतात.

ए-१०१: पण काका, मग कूलंट जातं कुठे? गॅस्केटच आहे.

सचिव: गुलाबी डाग अजून तसाच आहे.

डी-२०५: गळती बुजवणारी बाटली मिळते, ओतून टाका.

सी-४०४: अजिबात नको! रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. आधी दोन टेस्ट करून घ्या. ब्लॉक टेस्टमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड धरतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. दुसरी प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर हातपंपाने दाब भरायचा. दाब उतरला तर गळती आहे, मग ती कुठून ते शोधायचं.

ए-१०१: माझ्या भावाने टेस्ट वगैरे काही केली नव्हती. गॅस्केटच निघालं.

सी-४०४: भावाचं इंजिन वेगळं, हे वेगळं. आणि ताई, काटा चढला की तिथेच गाडी बंद करा, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

ए-१०३: डाग कूलंटचा असेल तर आत्ताच धुवा. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं, मांजरं चाटतात आणि मरतात. खाली पिल्लं आहेत.

सचिव: मी दोनदा लिहिलं आहे.

(दुसऱ्या दिवशी)

बी-३०२: लिक्विड निळंच राहिलं. दाब भरल्यावर वॉटर पंपाच्या भोकातून गुलाबी थेंब पडायला लागले. हेड उतरवायचं नाही, पंप बदलतोय. काका, मनापासून आभार. डाग आमचाच होता, रात्रीच धुतला. ३०१ वहिनी, माफ करा.

बी-३०१: ठीक आहे.

ए-१०१: तरी एकदा गॅस्केट बघून घ्या.