बीबीसीची लायसन फी गेली, तर प्रादेशिक हेलही जातील का?

टेम्सकाठी

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपतेय. त्यामुळे टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतली जाणारी लायसन फी ठेवायची की मोडीत काढायची, हा वाद ब्रिटनमध्ये पुन्हा तापलाय. घरटी वर्षाला १७४.५० पौंड (एप्रिल २०२५ चा दर) हा आकडा जो तो तोंडावर फेकतो. त्या पैशातून कोणाचा आवाज ऐकू येतो, यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे: फी राहावी, आणि ती हेलांसाठी राहावी. वर्गणीवर चालणारं चॅनेल वर्गणी परवडणाऱ्याकडे बघतं, जाहिरातीवर चालणारं चॅनेल खर्च करू शकणाऱ्याकडे. दोघांचीही मान आपोआप लंडन आणि आग्नेय इंग्लंडकडे वळते. हल किंवा स्वान्झीच्या माणसाकडूनही तेवढेच पैसे घेतले, की त्याला हक्काने विचारता येतं: माझ्यासारखं बोलणारं कुठाय?

असे आवाज आपसूक आलेले नाहीत. १९२६ मध्ये बीबीसीने उच्चार ठरवायला समिती नेमली. आधी राजकवी रॉबर्ट ब्रिजेस आणि १९३० पासून बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष होते. निवेदकांसाठी उच्चारांच्या याद्या छापल्या जायच्या. महायुद्धात यॉर्कशरच्या हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचायला बसला आणि शेवटी 'गुड नाइट'चं 'गुड नीट' म्हणाला, तर या आवाजात बातमी खरी वाटत नाही अशी ओरड झाली. त्यापुढे आज टीसाइड, बेलफास्ट, ग्लासगोचे आवाज सकाळ-संध्याकाळ ऐकू येतात. हा पल्ला सार्वजनिक पैशावरच गाठला गेला.

अँटेना

इतिहास नेमका उलटा लावलाय तुम्ही. उत्तर इंग्लंडची बोली आठवड्यामागून आठवडे घराघरात नेली ती जाहिरातीवर चालणाऱ्या आयटीव्हीने. 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. ती मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीची, आणि लायसन फीचा एक छदामही तिच्यात नव्हता.

का जमलं? आयटीव्ही ही एक कंपनी नव्हतीच. नियामकाने देशाचे तुकडे पाडून प्रत्येक भागाचा ठेका वेगळ्या कंपनीला दिला होता. उत्तरेला ग्रॅनडा, १९६८ पासून यॉर्कशर टेलिव्हिजन, ईशान्येला टाइन टीज, सीमाभागात बॉर्डर. ठेका टिकवायचा तर स्थानिक कार्यक्रम दाखवावेच लागत. तेव्हा आवाज आला तो ठेक्याच्या अटीमुळे. पैसा फीतून येतो की साबणाच्या जाहिरातीतून, याने काही फरक पडला नाही.

टेम्सकाठी

मग पुढचंही सांगा की! त्या ठेक्यांना आपापल्या भागात टीव्ही जाहिरातींची मक्तेदारी होती, म्हणून अटी परवडत होत्या. उपग्रह वाहिन्या आल्या, मक्तेदारी गेली, कंपन्या एकमेकींत विलीन होत २००४ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी एकच आयटीव्ही उरली. २००९ मध्ये प्रादेशिक बातम्यांचे १७ विभाग ९ वर आणले. बॉर्डरच्या बातम्या टाइन टीजमध्ये घातल्या, म्हणजे कार्लाइलच्या माणसाला डोंगरापलीकडच्या गेट्सहेडहून त्याच्याच गावाच्या बातम्या. पुढे काही विभाग परत वेगळे केले, पण नियामकाने अट सैल केली ती पैसा आटला म्हणूनच. अट एकटी उभी राहत नाही.

खानदेशी तडका

आणि बीबीसीची अट फार भक्कम उभी आहे होय? इंग्लंडात ३९ स्थानिक रेडिओ केंद्रं आहेत. २०२३ पासून सोमवार ते शुक्रवार दुपारी २ नंतर आणि शनिवार-रविवारी त्यांचे बहुतेक कार्यक्रम शेजारच्या केंद्रांत वाटून टाकले. संप झाले, तरी निर्णय फिरला नाही. स्थानिक हेल सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात कमी खर्चात जिथे ऐकू येतो तिथेच कात्री. बीबीसीची सॅलफर्डची काचेची इमारत मात्र जागच्या जागी.

लायसन फीच्या छत्राखाली हे झालंय, हे विसरू नका.

नियमावली

हेल आणि फी यांच्यामध्ये एक तिसरी चीज आहे, ती दोन्ही बाजू गाळताहेत: प्रसारण नियामक ऑफकॉमचा कोटा. खरं भांडण तिथे आहे.

बीबीसीच्या देशभर दिसणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांपैकी निदान निम्मे, तासांनीही आणि खर्चानेही, लंडनभोवतीच्या एम-२५ रिंगरोडच्या बाहेर बनले पाहिजेत. त्यात स्कॉटलंड ८ टक्के, वेल्स ५, उत्तर आयर्लंड ३. आता 'बाहेर बनला' हे ठरतं कसं? तीन निकष आहेत, त्यातले दोन पुरे:

– निर्मिती कंपनीचं खरंखुरं कामकाजाचं ठाणं एम-२५ बाहेर हवं. नुसती पाटी चालत नाही, वरच्या पदावरची माणसं तिथे बसायला हवीत.
– निर्मितीचा किमान ७० टक्के खर्च बाहेर झालेला हवा.
– पडद्यामागच्या कलाकार-तंत्रज्ञांवरच्या खर्चापैकी किमान ५० टक्के खर्च, बाहेर काम करणाऱ्यांवर झालेला हवा.

बारकावा इथे आहे. ७० टक्क्यांच्या हिशोबात पडद्यावर दिसणाऱ्यांचं मानधन धरतच नाहीत, आणि तिसरा निकष तर उघडच पडद्यामागच्यांचा. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जो बोलतो तो या गणितात कुठेच नाही. ग्लासगोत तयार झालेल्या कार्यक्रमात सगळे जण ऑक्सफर्डच्या ढंगात बोलले तरी स्कॉटलंडचा कोटा भरतो. उलट कार्डिफच्या चार जणांना लंडनच्या स्टुडिओत बसवून अस्सल वेल्श हेलात बोलतं केलं, तर कोट्यात शून्य.

म्हणूनच त्या धंद्यात 'लिफ्ट अँड शिफ्ट' हा शब्द रुजला. तयार कार्यक्रम उचलायचा आणि दुसऱ्या गावाच्या खात्यावर टाकायचा. 'वॉटरलू रोड' ही शाळेची मालिका रॉचडेलमध्ये घडायची. २०१२ मध्ये ती स्कॉटलंडच्या ग्रीनॉकला हलवली आणि शिक्षक-विद्यार्थीही तिकडे गेल्याचं कथानकात घुसडलं. नवी आवृत्ती पुन्हा ग्रेटर मँचेस्टरमध्ये. स्नूकरचं प्रक्षेपणही स्कॉटलंडच्या खात्यावर मांडल्याबद्दल टीका झाली. स्नूकरच्या टेबलाला कुठला आलाय हेल!

अँटेना

हेच म्हणतोय! कोटा नोकऱ्यांचा आहे, आवाजांचा नाही. मग लायसन फीचं समर्थन हेलांच्या नावाने कशाला करायचं?

टेम्सकाठी

नोकऱ्या लंडनबाहेर गेल्या की मागोमाग तिथले आवाज पडद्यावर येतात, म्हणून. संशोधन करणारी, पाहुणे शोधणारी, पटकथा वाचणारी माणसं न्यूकासलची असली, तर दूरध्वनीवरून बोलणारा न्यूकासलचा माणूस त्यांना 'कळायला जड' वाटत नाही. चाळणी लागते ती तिथे. निवेदक हा शेवटचा टप्पा.

मोगरा फुलला

चाळणी वर्गाचीही असते आणि ती एम-२५ च्या आतही लागते. माजी फुटबॉलपटू आणि बीबीसीची निवेदिका ॲलेक्स स्कॉट पूर्व लंडनच्या पॉप्लरची. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी शब्दांच्या शेवटचा 'ग' खाते म्हणून लॉर्ड डिग्बी जोन्स यांनी तिला जाहीरपणे टोकलं. कामगारवर्गातून आल्याचा मला अभिमान आहे, असं तिने तिथल्या तिथे सुनावलं. तुमच्या ऑफकॉमच्या नकाशात पॉप्लर म्हणजे लंडन, विषय संपला. तिच्या हेलाला कुठलाच कोटा नाही.

आणि प्रेक्षकही काही साधुसंत नाहीत. स्टेफ मॅकगव्हर्न बीबीसी ब्रेकफास्टवर अर्थविषयक बातम्या द्यायची, तेव्हा तिच्या टीसाइडच्या उच्चारावर 'उपचार' करण्यासाठी एका प्रेक्षकाने २० पौंड पाठवले होते. फी भरणारा प्रत्येक जण विविधतेच्या बाजूने असतो, हे गृहीत धरू नका. घरटी पैसे घेतले की घरटी तक्रारीही येतात, आणि संपादक घाबरतो तो त्यांना.

शंकासुर

वादात मध्येच शंका, माफी असावी. लीड्स-शेफील्डकडे शिकायला जाणाऱ्या मराठी पोरांना ही फी लागते का? बीबीसी बघतच नाहीत ती. फार तर झी मराठी.

नियमावली

बीबीसी बघता की नाही हा प्रश्नच नाही. कोणतंही चॅनेल, कोणत्याही देशाचं, कोणत्याही यंत्रावर, प्रक्षेपण चालू असताना पाहिलं की लायसन लागतं. झी मराठी लाईव्ह लावलं, तरी लागतं. तीच मालिका नंतर ॲपवर मागवून पाहिली, तर लागत नाही. बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर मात्र १ सप्टेंबर २०१६ पासून जुनं-नवं काहीही पाहिलं तरी लागतं. नुसत्या रेडिओला १९७१ पासून काही नाही.

आपली मुलं फसतात ती बॅटरीच्या सवलतीत. घरच्या लायसनवर, चार्जरला न जोडलेल्या लॅपटॉपवर बघता येतं असं कोणीतरी सांगतं. ते खरं आहे, पण 'घर' म्हणजे आईवडिलांचं ब्रिटनमधलं, आधीच लायसन असलेलं घर. पुण्याचं घर तिथे चालत नाही.

भाड्याच्या घरात सगळ्यांचा करार एकच असेल, तर साधारणपणे एक लायसन पुरतं. खोलीगणिक वेगळा करार असेल, तर आपल्या खोलीत बघणाऱ्याने आपलं काढायचं. शिक्षण संपवून परत निघताना किमान एक पूर्ण महिना उरला असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागता येतात. कोणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि काहीच लाईव्ह बघत नसाल, तर तसं ऑनलाइन कळवा, नाहीतर पत्रांचा मारा थांबत नाही. दारात येणाऱ्या तपासनिसाला वॉरंटशिवाय आत घ्यायची सक्ती नाही.

खानदेशी तडका

घ्या, आता या फीचा चेहरा दिसला. न भरणं हा फौजदारी गुन्हा, दंड १००० पौंडांपर्यंत. दोषी ठरणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका, कारण तपासनीस येतो तेव्हा घरी त्याच असतात आणि दार त्याच उघडतात. मासिक हप्ते घेतले, तर पहिल्या लायसनचे पैसे सहा महिन्यांतच वसूल करतात, म्हणजे महिना २९ पौंडांच्या वर. हे सगळ्यात जड जातं मिडल्सब्रोच्या एकट्या आईला. आणि तुम्ही म्हणता, तिचा हेल टीव्हीवर आणतोय म्हणून तिने आनंदाने भरावेत.

टेम्सकाठी

हप्त्यांची ती पद्धत वाईटच आहे, आणि गुन्हा दिवाणी करावा हेही मान्य. पण यावर उतारा फी बंद करणं नाही, वसुली बदलणं आहे. जर्मनीत २०१३ पासून घरटी महिना ठरावीक रक्कम घेतात, सध्या १८.३६ युरो. घरात टीव्ही आहे की नाही हा प्रश्नच नाही, त्यामुळे तपासनीस नको नि दार ठोठावणं नको. सरकारी मदतीवर जगणाऱ्याला अर्ज केला की माफी. आणि तिथला सार्वजनिक प्रसारक एआरडी हा मुळात प्रांतोप्रांतीच्या प्रसारकांचा संघ आहे. बायर्नचं (बव्हेरियाचं) बायर्नकडे, कोलोनचं कोलोनकडे. सबंध देशाच्या निर्मितीचा निर्णय एकाच शहरात होत नाही.

अँटेना

आणि त्याच एआरडीच्या मुख्य बातम्या हांबुर्गहून इस्त्री केलेल्या प्रमाण जर्मनमध्ये वाचल्या जातात. स्वित्झर्लंडमध्ये घरटी ३३५ फ्रँक, जर्मनीच्याही वर. तिथे जर्मन भागात बातम्या प्रमाण भाषेत आणि हवामान बोलीत! बर्फ पडणार हे बोलीत सांगता येतं, सरकार पडणार हे नाही. फी जबर असून ही अवस्था.

नॉर्वे बघा. १ जानेवारी २०२० पासून लायसन बंद, तिथलं सार्वजनिक प्रसारण, एनआरके, सरकारी अर्थसंकल्पावर चालतं. बातम्यांची संहिता वाचणारा लिखित प्रमाण भाषेला धरून राहतो, पण वार्ताहर आणि सूत्रसंचालक बिनदिक्कत आपापल्या बोलीत बोलतात. निनोर्स्क या अल्पसंख्य लेखनभाषेसाठी किमान २५ टक्क्यांची अटही तशीच चालू आहे. लायसन गेलं म्हणून कोणाची बोली गेली नाही, कारण तिथल्या लोकांना नोकरीच्या मुलाखतीतही बोली बदलावी लागत नाही.

मोगरा फुलला

नॉर्वेचा मुद्दा वजनदार आहे. पण अर्थसंकल्पावर चालणं म्हणजे काय, ते आपण भारतात पाहतोच. आपल्याकडेही रेडिओचं लायसन होतं, पोस्टात जाऊन पुस्तकावर नूतनीकरणाचा शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. १९९७ मध्ये प्रसार भारती स्वायत्त झाली ती कागदावर, पगार सरकारी अनुदानातून. आता स्थानिक केंद्राचं भलंबुरं श्रोत्याच्या पैशाशी बांधलेलंच नाही, त्यामुळे ते दुबळं झालं तरी श्रोत्याला जाब विचारायला जागा नाही.

खानदेशी तडका

लायसन होतं तेव्हा आकाशवाणीवर अहिराणीत बातम्या लागत होत्या की काय? बातम्या तेव्हाही पुणेरी प्रमाण मराठीत आणि आताही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांना जागा मिळाली ती शेतीच्या कार्यक्रमात, लोकगीतात, विनोदी श्रुतिकेत. फी घेऊनही नाही, अनुदानावरही नाही. स्वित्झर्लंडचं हवामान तसं आपलं पीकपाणी.

शंकासुर

मग सरळ कोट्यातच घाला ना. अमुक टक्के वेळ पडद्यावर प्रादेशिक हेल ऐकू आलाच पाहिजे.

नियमावली

मोजणार कसा? जन्मगाव धरलं, तर लीड्समध्ये जन्मून खासगी शाळेत हेल घासून काढलेला माणूस भरती होतो. कान धरला, तर कोणाचा? बीबीसीच्याच 'द ट्रेटर्स' या फसवाफसवीच्या स्पर्धा-कार्यक्रमाच्या २०२५ च्या सत्रात लंडनच्या एका स्पर्धक बाईने वेल्श हेलाचं सोंग घेतलं. वेल्श माणूस विश्वासू वाटतो, हा तिचा हिशोब. अंतिम टप्प्यापर्यंत ते खपलं. तुमच्या कोट्यात ती वेल्सच्या खात्यावर जमा झाली असती.

मोजता येतं ते वेगळं: कार्यक्रम मंजूर करणारा संपादक नोकरीला कुठे बसतो, आणि त्याच्या सहीने किती रक्कम सुटते. आजचे तिन्ही निकष कार्यक्रम बनवणाऱ्याला लागतात, मंजूर करणाऱ्याला एकही नाही. नव्या सनदेत हे घालून घ्या, मग फी घरटी घ्या, करातून घ्या, नाहीतर विजेच्या बिलात लावा. इटलीने २०१६ मध्ये तेच केलं आणि फी चुकवणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली.

टेम्सकाठी

मंजूर करणाऱ्याचा निकष मान्य. वीजबिलाला मात्र विरोध. उत्तर आयर्लंडचा वीजबाजार ग्रेट ब्रिटनहून वेगळा आहे, आणि प्रीपेड मीटरवाल्या गरीब घरात ही वसुली सगळ्यात आधी मीटरमधूनच कापली जाईल. खानदेशींची मिडल्सब्रोची बाई तिथेही पहिली सापडते.

खानदेशी तडका

सापडतेच. जर्मनीसारखी अर्ज करून माफी ठेवली, तरी अर्ज भरायला बसते ती. आधी माफी आपोआप लागू करा, मग हेलाचं बोलू.