'हिप फिरव' ला मराठीत काय म्हणायचं, कंबर की खुबा?

कळव्यात मुलांच्या बॉक्सिंग क्लासला मी मदत करतो. तिथे कोच 'हिप फिरव' म्हणतात आणि मराठीत सांगायला गेलं की त्याचं 'कंबर फिरव' होतं, आणि माझं ठाम मत आहे की इथे कंबर हा शब्द घात करतो. कंबर म्हटलं की पोरगं बेंबीपासून वरचं अंग पिळतं, पाय जमिनीला खिळलेलेच, मग क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना सगळा भार एकट्या खांद्यावर. फिरायला हवा तो खुबा, म्हणजे मांडीचं हाड वर जिथे बसतं तो सांधा. मागच्या पायाच्या चवड्याने जमीन ढकलायची, टाच बाहेर वळते, गुडघा आणि खुबा पुढे येतो, मग छाती, खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. 1985 साली सोव्हिएत अभ्यासकांनी 120 बॉक्सरांचा क्रॉस तपासला होता, त्यात मुरलेल्या खेळाडूंच्या ठोशात पायाचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास आणि हाताचा 24, नवख्यांमध्ये मात्र पाय 16 आणि हात 38! म्हणून म्हणतो, शब्द नीट हवा. तुमच्याकडे काय म्हणतात?

—

दादा, मी वाशीत फिजिओथेरपिस्ट आहे, खुबा शंभर टक्के बरोबर. कमरेच्या मणक्यांना डावी-उजवीकडे वळायला जेमतेम काही अंशांचीच मुभा असते, वळण्याचं खरं काम खुब्याचं आणि वर छातीमागच्या मणक्यांचं. 'कंबर पिळ' ऐकून जोरात मारणारी मुलं पुढे पाठ धरून येतात. अडचण एवढीच की आजकालच्या पोरांनी खुबा हा शब्द फक्त आजी पडली तेव्हा ऐकलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांचा हात तिथे ठेवून दाखवा, मग शब्द आपोआप बसेल.

—

कोपरखैरण्यात आमच्या माथाडी वसाहतीत सातारकडची मंडळी भरपूर, तिथे खुबा रोजच्या बोलण्यात आहे ताई, पोरांनाही कळतो. मला खटकतो तो दुसरा शब्द, 'वजन टाक'. ते ऐकून पोरं पुढे झुकतात, डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातं, तोल गेला आणि समोरच्याचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) आयता. त्यातून जो लागतो तो ठोसा नाही, रेटा. रेट्याने माणूस मागे सरकतो, ठोशाने हादरतो. हात सैल सोडून शेवटच्या क्षणी मूठ आवळली आणि लगेच मागे घेतली तर ठोसा, आधीपासून दंड ताठ करून ढकलत नेला तर रेटा.

—

रेटा आणि ठोसा हा फरक मी उद्याच क्लासमध्ये वापरणार, मस्त! पण 'वजन टाक' अगदीच टाकाऊ नाही हो. अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जॅक डेम्प्सी 1919 मध्ये अमेरिकेतल्या टोलिडोला जेस विलार्डशी खेळला तेव्हा साधारण 85 किलोचा होता, विलार्ड 110 च्या वर, तरी पहिल्याच राउंडमध्ये विलार्ड सात वेळा खाली गेला. डेम्प्सी स्वतः हेच शिकवायचा की अंगाचं वजन हलतं करा आणि ते मुठीपर्यंत पोचवा. म्हणजे वजन जायला हवं पण पावलासोबत, नाक पुढे काढून नाही. मी 'वजन ने' म्हणेन, टाकलं की ते आपल्या ताब्यात राहत नाही.

—

'वजन ने' चालेल. फक्त लेफ्ट हुकला (पुढच्या डाव्या हाताने बाजूने वळवून मारायचा ठोसा) काय म्हणता ते सांगा, तिथे वजन पुढे जात नाही ना, पुढच्या पायावरून मागच्या पायावर येतं.

—

हो, तिथे 'वजन मागे घे' आणि चवडा पुढच्या पायाचा. डावी टाच बाहेर, डावा खुबा आत, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि हात खुब्यासोबतच वळू द्यायचा, आधी नाही. हात आधी गेला की परत ती हातानेच मारलेली थप्पड होते.