मदत हवी आहे: कॅनडा गूजच्या पिल्लांचे फोटो कसे काढावेत?

मंडळी, मी बडोद्याची. दर हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पट्टकादंब (बार-हेडेड गूज, बदकापेक्षा मोठा स्थलांतरित पाणपक्षी) बघायला जाते. थवे बसणार पार मध्यावर आणि आपण काठावरून ३०० एमएमची लेन्स रोखून ठिपके टिपणार! उन्हाळा लागायच्या आत ते निघाले तिबेट-मंगोलियाकडे. अंडी, पिल्लं सगळं तिकडेच, त्यामुळे पिल्लू कधी दृष्टीला पडलेलं नाही.

आता मेच्या मध्यावर मुलीकडे लंडनला चालले आहे. घरापासून हाइड पार्क जवळ. तिथे कॅनडा गूज आणि ग्रेलॅग गूज दोन्ही पिल्लांसकट पायवाटेवरून चालत येतात म्हणे. पक्षी लांब असला की काय करायचं ते कळतं, पायाशी आला तर?

क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर आहे, ७०-३०० आणि १८-५५ लेन्स. ट्रायपॉड नेत नाही, बॅगेतली जागा लीलो चेवडोने (आमच्या बडोद्याच्या ओल्या चिवड्याने) खाल्ली.

मेच्या मध्यावर पिल्लांची पिवळी लव टिकलेली असते का? आई-बापाची मान काळीकुळकुळीत, गाल पांढरा आणि शेजारी उन्हात चमकणारं पिवळं पिल्लू, मग एक्स्पोजर (उजेडाचं माप) कोणावर धरायचं? आणि सगळे सांगतात गवतात आडवं पडून फोटो काढा. माझे गुडघे बसूच देत नाहीत, आडवं कुठलं पडतेय!

प्रतिसाद १
मी इंग्लंडात राहतो. ग्रेलॅगची पिल्लं एप्रिलमध्येच बाहेर येऊ लागतात, तुम्ही याल तोवर त्यातली बरीचशी राखाडी आणि लांबोडकी झालेली असतील. कॅनडा गूजची थोडी उशिरा येतात, त्यांच्यावर भिस्त ठेवा. पिवळेपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, तेव्हा आधी बाग, मग बाकीचं लंडन.

नर पहाऱ्याला उभा असतो. त्याने मान खाली घालून पुढे ताणली आणि फिस्स केलं की मुकाट मागे सरा. पिल्लं आणि आई-बाप यांच्या मधे तर कधीच जाऊ नका. आणि पाव-बिव टाकायचा नाही, तिथल्या बागवाल्यांनाही ते नको असतं.

प्रतिसाद २
ताई, एक्स्पोजर पिवळ्यावर धरा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलात तर काळी मान नंतर उजळता येते, जळालेली लव परत येत नाही. उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ पासून सुरुवात करून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच. शटर १/१०००, एकटं पिल्लू असेल तर एफ ५.६, अख्खं कुटुंब हवं असेल तर एफ ८. फोकसचा एकच बिंदू ठेवा, नाहीतर गवताची पातीच शार्प येतील.

गुडघ्यांचं म्हणाल तर १८-५५ घरीच ठेवा. बाकावर बसा, कॅमेरा मांडीच्या उंचीला घ्या, लाइव्ह व्ह्यू लावा (म्हणजे मागच्या पडद्यावर बघता येईल) आणि ३०० वर लांबूनच काढा. जितकं लांब, तितका कोन सपाट. जवळून उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लांच्या नुसत्या पाठी येतात.

मूळ लेखिका
म्हणजे वढवाण्याचीच सवय कामी येणार! बाग पहाटे पाचला उघडते असं मुलगी म्हणतेय, आणि तेव्हा तिथे सूर्यही उगवतो. जावयाला आत्तापासूनच सांगून ठेवलंय.