मदत हवी आहे: ९ इंची रोलर धुवायला स्क्रेपर घ्यावा की स्पिनर?

चुना_ते_इमल्शन

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत एका इमारतीचं आतल्या रंगाचं काम चालू आहे, त्यासाठी विचारतोय. रंग इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा. रोलर ९ इंची, मायक्रोफायबरचे, लव (कापडावरचे केस) १२ मिमी. रोज पाच-सहा रोलर वापरात असतात. संध्याकाळी बादलीत खंगाळायचे, हातानं पिळायचे आणि कोपऱ्यात आडवे टाकायचे, अशी सध्याची पद्धत.

सकाळी तीन तक्रारी ठरलेल्या. दोन्ही टोकांना इंच-दीड इंच लव ताठ होते आणि भिंतीवर खडीसारखे कण उतरतात. दुसऱ्या हाताला, म्हणजे रंगाच्या दुसऱ्या थराला, एकच डाग ठरावीक अंतरानं परत परत उमटतो. आणि फिक्या रंगात मधेच कालच्या गडद रंगाची रेघ येते.

बाजारात दोन हत्यारं दिसली. एक अर्धगोल खाच असलेलं पत्र्याचं स्क्रेपर. दुसरं स्पिनर, दांडा मागंपुढं केला की रोलर गरागरा फिरवणारं. दोन्हींतलं कोणतं घ्यावं? उद्यमनगरातल्या वर्कशॉपात करून घेण्यासारखं आहे का? ऑइल पेंटचे ४ इंची रोलरही आहेत, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

---

दुसरा_हात

दोन्ही हत्यारांची कामं वेगळी आहेत, त्यामुळं "की" काढून टाका. स्क्रेपर रंग काढतो, स्पिनर पाणी काढतो. मधलं धुणं दोन्हीपैकी कुणीच करत नाही. एकच घ्यायचं असेल तर आधी स्क्रेपर.

इमल्शनमधलं पाणी उडालं की रंगाचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि तो पापुद्रा मग पाण्यात विरघळत नाही. तुमच्या रोलरची टोकं ताठ होतात ती यामुळंच. टोकाला रंग गोळा होतो, वारा दोन बाजूंनी लागतो, तिथं सगळ्यात आधी वाळतं. म्हणून काम थांबल्यावर चहाला जायच्या आधी रोलर खरवडायचा. उन्हाळ्यात अर्धा तास उघडा राहिलेला रोलर धुण्याच्या पलीकडं जातो.

खरवडायची रीत: रिकामी छोटी बादली घ्या, रोलर उभा धरून मोकळं टोक तळाला टेकवा, म्हणजे कव्हर (दांडीवर चढवलेली लवेची नळी) सटकत नाही. खाच वर दांड्याच्या बाजूला बसवा आणि एका दमात खालपर्यंत ओढा. थोडा फिरवा, परत वरून खाली. सात-आठ ओढीत पूर्ण फेरी होते. वर-खाली घासू नका. कव्हरचं कापड पट्टीसारखं तिरकं गुंडाळून चिकटवलेलं असतं. उलट्या दिशेनं ओढ बसली की सांधा उचलतो आणि पुढं तोच सांधा भिंतीवर रेघ मारतो.

भरलेल्या ९ इंची रोलरमधून कपभर रंग सहज निघतो. तो डब्यात परत टाकायचा असेल तर नायलॉनच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून टाका.

ठरावीक अंतरानं येणारा डाग मोजून बघा. ७० मिमी व्यासाचा रोलर एका फेरीत साधारण २२ सेंमी चालतो. डाग तेवढ्याच अंतरानं येत असेल तर दोष रोलरवरच्या एका जागेचा, भिंतीचा नाही. आडवा टाकून वाळवलेल्या रोलरची एका बाजूची लव दबते, हेच ते. उभा करून वाळवा.

---

गावठी_इंजिनिअर

स्क्रेपर कशाला विकत घेताय ओ. पुट्टीची पत्री आहे की. रोलरवर दाबून ओढली की झालं, सगळे तसंच करतात.

---

दुसरा_हात

करतात, आणि म्हणूनच महिन्याला रोलर बदलतात. सरळ पत्री गोल रोलरला एका रेषेत टेकते. तेवढ्याच जागी सगळा जोर येतो, आजूबाजूला रंग तसाच. शिवाय पत्रीचा कोपरा कापडात घुसतो. अर्धगोल खाच लव चारी... बरं, निम्म्या अंगानं सारखी दाबते. फरक तिथं आहे.

---

उद्यमनगर_टर्निंग

स्क्रेपर करून घ्यायचं तर माप महत्त्वाचं, बाकी काही नाही. दुकानातल्या बऱ्याच खाचा ३८ मिमी गाभ्याच्या (कापडाच्या आतल्या कडक नळीच्या) रोलरसाठी, म्हणजे दीड इंची अमेरिकन मापाच्या असतात. आपल्याकडं येणाऱ्या रोलरचा गाभा सगळा एकसारखा नसतो. आधी कॅलिपरनं मोजा.

हिशेब असा. गाभ्याचा बाहेरचा व्यास समजा ४६ मिमी. लव १२ मिमी, म्हणजे रोलरचा व्यास ७०. खाचेचा व्यास ५६ ते ५८ ठेवला की लव दबून पाच-सहा मिमी उरते आणि रंग बाहेर येतो. ४८-५० ठेवला तर पत्रा जवळजवळ गाभ्यालाच घासतो, कापड सोलून निघतं. ६५ ठेवला तर नुसता वरचा रंग पुसला जातो.

सगळ्यात स्वस्त उपाय ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप. ६३ हे बाहेरचं माप. हलक्या दाबाच्या पाइपचा आतला व्यास ५८-५९ भरतो. ४० मिमी लांबीचं कडं कापा, त्याचे उभे दोन भाग करा. ज्या कडेनं खरवडायचं तिची आतली धार कानशीनं मोडा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. करवतीची कुसळं राहिली तर लव उपटून निघते. ४ इंची बारीक रोलरला ३२ मिमीचा पाइप चालतो. ५० मिमीचा पाइप ९ इंचीला घेऊ नका, वरचा हिशेब लावून बघा.

टिकाऊ हवं असेल तर दीड-दोन मिमी जाडीची स्टेनलेसची पट्टी, ३० मिमी रुंद. ५५ च्या गोल बारवर वाकवली की सोडल्यावर स्वतःच थोडी उघडते, माप जमतं. साध्या लोखंडी पत्र्याची करू नका. रात्रभर ओली राहिली की गंज धरते आणि पांढऱ्या रंगात तांबूस ठिपके येतात.

स्पिनर मात्र करवून घेऊ नका. आतला दांडा पिळाचा असतो. सरळ ओढ त्या पिळावरून फिरण्यात बदलते. पिळाचं अंतर आणि त्यावरची चावी एकमेकांना जुळली नाहीत तर अडकतं. एक नग करण्यापेक्षा तयार परवडतो.

---

रंकाळ्याचा_वारा

स्पिनर आणाल तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, पकड. स्पिनरच्या टोकाला स्प्रिंगच्या पट्ट्या असतात, त्या कव्हरच्या आत फाकून धरतात आणि त्याच चिमट्यात ब्रशचं हँडल अडकतं. गाभा मोठा असला की कव्हर फिरायच्या ऐवजी स्पिनर आतल्या आत फिरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून पट्ट्यांवर चढवा, घसरणं थांबतं. गाभ्याच्या आत रंग वाळलेला असेल तरी घसरतं, तो आधी खरवडा. काठांवरून आत शिरलेला रंग कुणी बघतच नाही.

दुसरी, बादली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या आणि रोलर काठाच्या चांगला खाली असू दे. वर राहिला तर धुतलेलं पाणी रंगवलेल्या भिंतीवर. झाकणाला दांड्याएवढं भोक पाडून घेतलं तर चिंताच नाही. १५-२० झटके पुरतात. ब्रशला आठ-दहा.

तिसरी, तेल. पिळाच्या दांड्यात रंगाचं पाणी जातं आणि वाळून दांडा जाम होतो. रोज शेवटी साध्या पाण्यात चार वेळा ओढा, कोरडा करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस लावू नका, ग्रीसला धूळ चिकटते. आणि तेलाचा हात रोलरला लागू देऊ नका. तेल लागलेल्या जागी इमल्शन पसरत नाही, गोल गोल उघडे ठिपके पडतात.

---

गावठी_इंजिनिअर

ड्रिल मशीनला बोल्ट लावून कव्हर फिरवलं तर? स्पिनरचा खर्च वाचला की भावा.

---

उद्यमनगर_टर्निंग

नको. पाणी फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट. साध्या ड्रिलचा पूर्ण वेग मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. कव्हर बोल्टावर बरोबर मध्यावर बसत नाही, थरथर सुरू होते, लव फाकते आणि चिकटवलेला सांधा सुटतो. वर ओल्या हातात विजेचं यंत्र. हातानं जेवढं फिरतं तेवढं पाणी काढायला पुरेसं आहे.

---

दुसरा_हात

धुण्याचं राहिलंच होतं. तीन बादल्या लावा. पहिलीत खरवडलेला रोलर दाबून-सोडून, पाणी दाट होईपर्यंत. दुसरीत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, बोटांनी लव मुळापर्यंत चोळायची, टोकांना जास्त वेळ. तिसरीत स्वच्छ पाणी. मग स्पिनर, परत तिसरीत बुडवून एकदा स्पिनर. दुसऱ्या वेळी उडणारं पाणी गढूळ दिसलं तर रोलर अजून धुतलेला नाही असं समजा. गडद रंगाची रेघ येते ती इथं कंटाळा केल्यामुळं.

पाणी साधं किंवा कोमट. कढत पाण्यानं कापड धरून ठेवणारा गोंद सैल होतो. पुठ्ठ्याच्या गाभ्याचे स्वस्त रोलर भिजत घालू नका, फुगतात आणि परत दांडीवर चढत नाहीत.

उद्या तोच रंग लावायचा असेल तर धूच नका! प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, हवा काढून तोंड बांधा, सावलीत ठेवा. रात्र निघते. दोन-तीन दिवसांवर मात्र विसंबू नका.

आणि सकाळी कोरडा रोलर थेट रंगात बुडवायच्या आधी पाण्यात ओला करून स्पिनरनं झटका. मुळाशी पाण्याचा ओलावा असला की रंग तिथपर्यंत घट्ट बसत नाही, संध्याकाळचं धुणं निम्मं होतं. पाणी नीट झटकलं नाही तर पहिल्या दोन पट्ट्यांना रंग पातळ पडतो, तेवढं सांभाळा.

---

चुना_ते_इमल्शन

सगळ्यांचे आभार. मोजलं: गाभा आतून ४२, बाहेरून ४६. पण सहापैकी चार रोलरचं कव्हर दांडीवरून निघतच नाही, टोकाला प्लॅस्टिकची टोपी आणि नट आहे. स्पिनर आत घालायचा कसा?

---

रंकाळ्याचा_वारा

त्या चारांना स्पिनर लागू नाही. नट रोज काढला तर टोपीचं भोक सैल होतं आणि रोलर डगमगतो. खरवडा, तीन बादल्या करा, आणि शेवटी रोलर दांडीसकट बादलीत धरून नळीची बारीक धार त्याच्या एका कडेवर तिरकी मारा, मध्यावर नको. धारेनंच तो पाणचक्कीसारखा फिरतो आणि पाणी फेकतो. पावसाळ्यात दांडीला दोरी बांधून वाऱ्यावर टांगा, आपल्याकडं जुलैत दोन दिवस लागतात. ओला बांधून ठेवला तर बुरशीचा वास धरतो.

पुढच्या वेळी तारेच्या पिंजऱ्याची दांडी घ्या, कव्हर ओढलं की निघतं.

ऑइल पेंटचं: आधी खरवड, मग डब्यात २०० मिली टर्पेंटाइन, मग दुसरे २०० मिली, शेवटी साबण-पाणी. वापरलेलं टर्पेंटाइन काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं पहिल्या धुण्याला परत चालतं. स्पंजचा रोलर असेल तर थिनरला हातसुद्धा लावू नका, स्पंज फुगून तुटतो. खरं सांगायचं तर ऑइल पेंटचा ४ इंची स्पंज धुण्यात जेवढं टर्पेंटाइन जातं त्यापेक्षा नवा बरा. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कोंबू नका. तेलाचा रंग वाळताना उष्णता सोडतो, ढिगात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

---

उद्यमनगर_टर्निंग

४६ बाहेर आणि १२ लव म्हणजे ६३ चा पाइप तुम्हाला बरोबर बसतो. पहिली ओढ जड लागली आणि लव निघून यायला लागली तर कडं दोन्ही हातांनी किंचित फाकवून धरा. दुरुस्ती तेवढीच.

पहिल्या बादलीचं पाणी गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारं जयंती नाल्यातून पंचगंगेकडं जातात. २० लिटरला १०-१५ ग्रॅम तुरटी कपभर पाण्यात विरघळवून टाका, ढवळा, रात्रभर ठेवा. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीलाच वापरा. गाळ गोणपाटावर वाळवून कोरड्या कचऱ्यात.

---

चुना_ते_इमल्शन

६३ चं कडं कापून घेतो. स्पिनर एकच आणतो, दोन सुट्या कव्हरांना आणि ब्रशांना. शनिवारी लव किती निघते ते इथं लिहीन.