मदत हवी आहे: वळणात व्हेरिओमीटर खोटा चढ दाखवतोय

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. माझ्या रिमोटवरच्या ग्लायडरसाठी चढ-उताराचा वेग सांगणारं व्हेरिओमीटर घरीच बनवतोय. नुसत्या हवेच्या दाबावर भागत नाही. आपल्या उंचीवर दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण ९ मीटर, त्यामुळे सेन्सर जरा थरथरला तरी वेगाचा आकडा उड्या मारतो. सरासरी काढावी तर आकडा उशिरा येतो, तोवर थर्मल (वर चढणारी गरम हवा) हातची गेलेली असते.

म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो (पहिला त्वरण मोजतो, दुसरा वळण्याचा वेग) जोडून काल्मन फिल्टर (सगळ्या सेन्सरचे आकडे जुळवून खरा अंदाज काढणारं गणित) लिहिला. बोर्ड हातात धरून जिना चढलो, तर पहिल्याच पायरीला चढ सांगणारा बीप वाढला! दाबाच्या सेन्सरच्या भोकावर काळा स्पंज लावल्यापासून वाऱ्याचा त्रासही कमी झालाय.

खरी अडचण घिरट्यांची. ४५ अंश कलल्यावर भार १.४१ पट होतो. वळण लांबलं की फिल्टर त्या तिरक्या जोरालाच गुरुत्वाकर्षण समजतो, विमान सरळ आहे असं धरतो आणि जास्तीचे ०.४१ जी (गुरुत्वाच्या ०.४१ पट) चढात मोजतो. दाबाचा सेन्सर मात्र उतार सांगत असतो.

वळणाचं त्वरण वजा करायला वेग कुठला घ्यावा? जीपीएस आहे, पण यवतेश्वराच्या बाजूला वारा जोराचा, जमिनीवरचा वेग दर अर्ध्या घिरटीला बदलतो. पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) बसवावीच लागेल का? आणि अ‍ॅक्सेलरोमीटरची कायमची चूक फिल्टरमध्ये उंची आणि चढ-उताराच्या वेगासोबत अंदाज करायची तिसरी स्थिती म्हणून धरली, तर लांब वळणात तीच बिघडणार नाही ना? कुणी हे प्रत्यक्ष उडवून पाहिलं असेल तर कृपया सांगा.